शिडाखालची काठी

चैत्र आणि आश्विन मासांतील नवपदांच्या ओळीत श्रीपाल राजाची कथा घरोघरी वाचली जाते. त्या कथेत धवल शेठाची पाचशे गलबते भरूच बंदरात जागच्या जागी खिळून राहतात. हा प्रसंग लहान मुले कान टवकारून ऐकतात आणि मग मोठ्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारतात. गलबत वाऱ्यावर चालते म्हणजे नेमके कसे चालते? वारा मागून आला तर ढकलेल. पण आडवा आला तर? आर्वीसारख्या गावी या प्रश्नांचे उत्तर किनाऱ्यावर नेऊन दाखवावे अशी सोय नाही. समुद्र शेकडो कोस दूर आहे. तेव्हा उत्तर घरीच, हाताने घडवावे लागते. सुमारे तीन वीत लांबीची शिडाची नौका हे ते उत्तर होय. तिचे अंग, डोलकाठी आणि शीड करणे फार अवघड नाही. बहुतेकांची नौका फसते ती शिडाच्या खालच्या कडेला असणाऱ्या एका लहानशा काठीपाशी. इंग्रजीत तिला बूम म्हणतात. या वेळचे सदर त्या एका काठीसाठी आहे.

बूम हा शब्द मूळचा डच भाषेतील असून तेथे त्याचा अर्थ झाड किंवा सोट असा होतो. कुवेतकडील एका जातीच्या मोठ्या गलबतालाही बूम हेच नाव आहे. बसऱ्याच्या मोत्यांचा व्यापार ज्या घरांनी केला, त्या घरांतील वृद्धांच्या कानी ते कदाचित आले असेल. येथे त्याचा संबंध नाही. येथील बूम म्हणजे डोलकाठीच्या तळाशी एका टोकाने जोडलेली आणि दुसऱ्या टोकाने मोकळी फिरणारी आडवी काठी. दाराची फळी जशी चौकटीला बिजागरीने धरलेली असते, तशी ही डोलकाठीला धरलेली असते.

आर्वीचा शिडाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध कापसाचा आहे. वर्धा जिल्ह्यातील कापूस एके काळी ‘हिंगणघाट’ या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जात असे. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला आणि या भागातील कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. पुढे पुलगावहून आर्वीपर्यंत छोट्या मापाची रेल्वेही आली आणि तिच्यावरून गाठी बंदराकडे जाऊ लागल्या. पेढीवर बसणाऱ्या माणसाने समुद्र पाहिला नसेल. पण त्याचा माल समुद्र ओलांडत होता.

कापूस आणि बूम यांची एक गाठ तर इतिहासप्रसिद्ध आहे. २२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाईट बेटाभोवती शर्यतीच्या नौकांची एक स्पर्धा झाली. तीत ‘अमेरिका’ नावाची एकच परकी नौका होती, आणि तिने सगळ्या इंग्रज नौकांना मागे टाकले. कारणे अनेक होती. नौकेच्या अंगाची घडण हे त्यांतील मोठे. परंतु शिडांकडे पाहणाऱ्यांच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. इंग्रजांची शिडे जवसाच्या जातीच्या धाग्याची, म्हणजे लिननची, होती; ती वाऱ्यात ताणून पोटाळत. अमेरिकेची शिडे यंत्रावर विणलेल्या घट्ट सुती कापडाची होती. दुसरी गोष्ट अशी की, इंग्रज नौकांच्या शिडाची खालची कड मोकळी असे, तर अमेरिकेच्या मोठ्या शिडाची खालची कड बूमला दोरीने ओवून बांधलेली होती. शीड सपाट राहिले, त्याचा आकार हातात राहिला, आणि नौका वाऱ्याच्या दिशेला अधिक जवळून चालू शकली. कापडाच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ज्या कापडाचा उभा-आडवा धागा घट्ट आहे ते आकार धरते. तिरके ओढले की तेच कापड लांबते.

आपल्या कोकणातील गलबतांना मात्र ही काठी नसे. पडाव, मचवा, फत्तेमारी यांचे शीड वरच्या बाजूस एका लांब तिरकस वाशाला बांधलेले असते. त्या वाशाला परबाण म्हणतात. खालची कड मोकळीच. ती रचना कमी प्रतीची होती असे समजणे चुकीचे ठरेल. अरबी समुद्रातील मोसमी वारा महिनोन्‌महिने एका दिशेने वाहतो. त्या वाऱ्यावर दूरचा पल्ला गाठण्यासाठी ती उत्तमच होती. तिला माणसे मात्र लागत. नौकेची बाजू बदलायची तर परबाण डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यावे लागे आणि त्यासाठी खलाशांचे हात हवेत. बूम असलेले शीड वारा पालटताच आपले आपण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते.

लहान नौकेला बूम का हवीच, याचे कारण यातच आहे. तिच्यावर खलाशी नाही. एकदा काठावरून सोडली की तिचे सगळे तिलाच करायचे. मालक परगावी गेल्यावर दुकान मुनीम चालवतो. कोणत्या भावापर्यंत खाली यायचे, उधारी किती द्यायची, हे मालकाने आधी ठरवून दिलेले असते आणि त्या मर्यादेत मुनीम मोकळा असतो. बूमचे काम हेच. ती किती बाहेर जाईल, किती वर उचलली जाईल, शिडाला किती पोट राहील, या तीन मर्यादा घरी बसून ठरवाव्या लागतात. पाण्यात सोडल्यावर ठरवता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. पुढील मापे सुमारे ६५ सेंटिमीटर लांबीच्या नौकेसाठी आहेत. तिच्या मोठ्या शिडाची उंची ८० सेंटिमीटर आणि खालची कड २४ सेंटिमीटर धरली आहे. बूम कडेपेक्षा दोन सेंटिमीटर लांब ठेवावी, म्हणजे २६ सेंटिमीटर. मागे ताण देण्याला तेवढी जागा लागते.

काठी कशाची करावी? बाजारात ॲल्युमिनियमची आणि कार्बनची बारीक नळी मिळते आणि ती चांगलीही असते. परंतु विदर्भात राहून बांबू सोडून नळी शोधत फिरणे हे थोडे विचित्रच. जून, पिकलेला, उन्हाळाभर सावलीत वाळलेला बांबू घ्यावा. हिरवा बांबू वाळताना वाकतो आणि मग सगळी मापे बिघडतात. गाठीपासून गाठीपर्यंतचा सरळ तुकडा निवडून तो चिरावा आणि आतला मऊ भाग तासून ५ मिलिमीटर रुंद व ८ मिलिमीटर उंच अशी पट्टी काढावी. रुंदीपेक्षा उंची अधिक, हे विसरू नये. घराच्या छपराची तुळई उभी ठेवतात, आडवी ठेवत नाहीत, कारण तेच. हीच पट्टी आडवी केली तर तिचा ताठपणा अडीच पटीने कमी होतो. लाकूड तेवढेच, वजन तेवढेच, फक्त बाजू बदलली.

दुसरी एक गोष्ट अनुभवी हातांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. बांबूची चकचकीत साल कोणत्या बाजूला ठेवायची? खाली. शीड बूमच्या मागच्या टोकाला वर ओढते, डोलकाठी पुढच्या टोकाला धरून ठेवते आणि दोऱ्या मधल्या भागाला खाली खेचतात. म्हणजे काठी हसणाऱ्या ओठांसारखी वाकू पाहते आणि ताण पडतो तो तिच्या खालच्या अंगावर. बांबूचे सर्वांत चिवट तंतू सालीलगत असतात. तेव्हा साल खालीच हवी. ती तासून काढू नये.

अशी पट्टी साधारण सात ग्रॅम भरते. सराफाच्या काट्यावर ठेवून पाहावी; मुलांना त्यात मौज वाटते. दहा ग्रॅमच्या वर गेली तर आणखी घासावी. मंद वाऱ्यात जड बूम शिडाला खाली ओढून धरते आणि शीड मिटल्यासारखे होते. पण हलकी करताना दुबळी करू नये. तपासणीचा उपाय दुकानातच आहे. पट्टीची दोन टोके दोन डब्यांच्या कडांवर ठेवावी आणि मधोमध एक किलोचे माप टांगावे. चांगली काठी साधारण दीड मिलिमीटर वाकते. चार मिलिमीटर वाकली तर एक तर ती आडवी ठेवली गेली आहे, नाही तर बांबू कच्चा आहे. एक किलो हे वजन उगाच घेतलेले नाही. ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा या मापाच्या शिडावर दीडशे ते दोनशे ग्रॅम वजनाइतका जोर टाकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आर्वीकडे वळवाच्या आधी जी वावटळ उठते, तिचा हिशेब या गुणाकाराने करावा.

डिंक आणि रंग यांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत, कारण जुन्या पुस्तकांतील कृती पाहून मुले तसेच साहित्य मागतात. सुतारांचा पूर्वीचा सरस जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होत असे. फर्निचरला झिलई आणणारी चपडी लाखेच्या किड्यांपासून येते. दोन्हींची येथे गरज नाही. सरसाच्या जागी पांढरा डिंक आला तो १९५९ नंतर, फेविकॉलच्या रूपाने. महुव्याच्या जैन कुटुंबातील बळवंतराय पारेख यांनी तो बाजारात आणला आणि सुतारांच्या शेगडीवर शिजणारे सरसाचे भांडे हळूहळू दिसेनासे झाले. नौकेसाठी त्यातलाच पाण्यात टिकणारा प्रकार घ्यावा. साधा पांढरा डिंक ओलाव्याने सुटतो. जोड जेथे धातूचा आहे तेथे दोन नळ्यांतून मिसळावयाचा ॲराल्डाइट वापरावा. वरून पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन पातळ हात पुरेत. बांबूची दोन्ही कापलेली टोके आधी बुजवावी, कारण पाणी तेथूनच शिरते.

यानंतर डोलकाठीशी सांधा. या सांध्याने दोन गोष्टी करू द्यायला हव्यात: काठी डावी-उजवीकडे सहज फिरली पाहिजे आणि थोडी वर-खाली झाली पाहिजे. सायकलचा जुना स्पोक दोन मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचा चार सेंटिमीटरचा तुकडा खिळीसाठी उत्तम. डोलकाठीच्या मागच्या बाजूस दोन लहान कड्या एकीखाली एक बसवाव्या आणि त्यांतून हा तुकडा उभा सोडावा. बूमच्या पुढच्या टोकाला तारेचा एक फासा करून तो या खिळीत, दोन कड्यांच्या मध्ये अडकवावा. फासा खिळीपेक्षा किंचित सैल असावा. तेल घालू नये. तेलाला धूळ चिकटते आणि आठ दिवसांत सांधा करकरू लागतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली की काम भागते.

सांधा झाला की नौका टेबलावर सपाट ठेवून बूमला बोटाने हलकेच ढकलावे. ती जेथे सोडली तेथेच थांबली पाहिजे. आपोआप मध्यावर परत येत असेल तर डोलकाठी मागे कलली आहे. उघड्या दाराची चौकट कलती असली की दार आपले आपण बंद होते, तसाच हा प्रकार. वारा जोराचा असेल तर तो बूमला बाहेर ठेवतोच. पण सकाळच्या मंद झुळकीत कललेल्या डोलकाठीची नौका शीड मध्यावर घेऊन निमूट उभी राहते आणि मुलाला वाटते, वाराच नाही.

मर्यादांपैकी पहिली, वर उचलले जाण्याची. वारा मागून आला की शीड फुगते आणि बूमचे मागचे टोक वर उचलले जाते. शिडाचा वरचा भाग पुढे ढळतो आणि नौका डुलू लागते. म्हणून बूमच्या पुढच्या टोकापासून साधारण आठ सेंटिमीटरवरून एक दोरी तिरपी खाली डोलकाठीच्या पायथ्याशी बांधतात. नाविक तिला व्हँग म्हणतात. या दोरीचे खालचे टोक नेमके कोठे बांधावे, यात सगळी मेख आहे. ते वरच्या खिळीच्या अगदी ओळंब्यात यावे. दाराच्या दोन बिजागऱ्या एका रेषेत नसल्या तर दार एका ठिकाणी सैल आणि दुसऱ्या ठिकाणी घट्ट होते. तसेच येथे होते: खालचे टोक खिळीच्या मागे राहिले तर बूम बाहेर जाताना दोरी आवळत जाते आणि काठी अर्ध्या वाटेत अडते. ते पुढे गेले तर बूम बाहेर जाताच दोरी सैल पडते, म्हणजे जेथे तिची खरी गरज तेथेच ती निकामी होते. ओळंबा घरात नसेल तर दोऱ्याला चावी बांधावी.

दुसरी मर्यादा, शिडाच्या पोटाची. शिडाचा पुढचा खालचा कोपरा डोलकाठीपाशी बांधलेला असतो. मागचा कोपरा बूमच्या मागच्या टोकाकडे ओढायचा असतो. किती ओढायचा? मंद वाऱ्यात शिडाची खालची कड आणि काठी यांच्यामध्ये मध्यभागी १० ते १५ मिलिमीटरचे अंतर दिसावे. वारा वाढला की ते कमी करावे. शीड कापताना मागची कड कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवलेली असेल तर हा ताण कड झेलते. तिरकी कापली असेल तर दोन दिवसांत ती घंटेसारखी पसरते. छत्रीचे नायलॉनचे कापड यासाठी हलके आणि पुरेसे घट्ट असते.

ताण कमी-जास्त करण्याची युक्ती शर्टाच्या बटणात आहे. चार छिद्रांचे बटण घेऊन त्यांतील तीन छिद्रे वापरावी. दोऱ्याचे एक टोक पहिल्या छिद्रात गाठ मारून अडकवावे. दोरा बूमच्या मागच्या कडीतून फिरवून परत आणावा, दुसऱ्या व तिसऱ्या छिद्रातून ओवावा आणि मग शिडाच्या कोपऱ्याला बांधावा. बटण सरकवले की दोरा आखूड किंवा लांब होतो. सोडले की ते तिरके होऊन दोऱ्याला पकडून बसते. छिद्रांच्या कडा आधी बारीक कागदाने घासाव्या, नाही तर दोरा विसकटतो. व्हँगलाही असेच एक बटण लावावे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची: बूम किती बाहेर जाईल. तिला आवरणाऱ्या दोरीला इंग्रजीत शीट म्हणतात. कापडाच्या दुकानात शीट म्हणजे चादर. समुद्रावर शीट म्हणजे दोरी. या एका शब्दाने कितीतरी नवशिके गोंधळतात, म्हणून येथे तिला लगाम म्हटले आहे. लगाम बूमवर खिळीपासून १६ सेंटिमीटरवर बांधावा आणि त्याच्या बरोबर खाली, नौकेच्या मध्यरेषेवर, डेकवर एक कडी बसवून तिच्यातून न्यावा. बूम डेकपासून चार सेंटिमीटर उंच असेल तर कडीपासून बूमपर्यंत लगामाची लांबी अशी येते: वाऱ्याच्या दिशेला जवळून चालायचे असेल तेव्हा, म्हणजे बूम मध्यापासून दहा अंश बाहेर, सुमारे ५ सेंटिमीटर, वारा बाजूने असेल आणि बूम पंचेचाळीस अंशांवर हवी असेल तर १३, वारा मागून असेल आणि बूम ऐंशी अंशांपर्यंत सोडायची असेल तर २१. दोरीवर या तीन ठिकाणी तीन रंगांच्या शाईने खुणा कराव्या. मग काठावर उभे राहून तर्क करावा लागत नाही.

लगाम बूमला ओढून धरत नाही, हे मुलांना एकदा हातात दोरी देऊन दाखवावे. वारा बूमला बाहेर ढकलत असतो. लगाम एवढेच सांगतो की यापुढे नाही. सर्वांत सामान्य चूक म्हणजे लगाम फार आवळणे. शीड मध्यावर घट्ट धरले की नौका ‘तयार’ दिसते, पण वारा तिला पुढे नेण्याऐवजी केवळ आडवी पाडतो. शंका असेल तर थोडे सैल सोडावे. शिडाची पुढची कड फडफडू लागली की किंचित आवळावे आणि फडफड थांबताच तेथे ठेवावे. दूरनियंत्रणाचे यंत्र बसवले तर हेच काम सर्व्हो मोटार करते. तिच्या हाताचा प्रवास वरच्या ५ ते २१ सेंटिमीटरच्या मापाशी जुळवून घेतला म्हणजे झाले. अशी यंत्रे नव्हती तेव्हा, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, इंग्लंडमधील जॉर्ज ब्रेन यांनी लगामाची दोरी सुकाणूलाच जोडून दिली. वाऱ्याने बूम जितकी ओढली जाई तितके सुकाणू वळे आणि नौका आपली दिशा आपण सांभाळी. मुनीमाच्या हाती तिजोरीची किल्लीही देऊन टाकली म्हणा ना!

दोरा कोणता वापरावा, हा प्रश्न लहान वाटला तरी नाही. पतंगाचा नायलॉन मांजा मजबूत आणि स्वस्त. अनेक ठिकाणी मुले तोच लावतात. तो घरात आणू नये. २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यावर देशभर बंदी घातली ती पक्ष्यांचे आणि माणसांचे गळे कापले जातात म्हणून. पाण्याकाठी पडलेला त्याचा एक वावभर तुकडा बगळ्याच्या पायात वर्षानुवर्षे अडकू शकतो, कारण तो कुजत नाही. शिंप्याकडचा जाड पॉलिएस्टरचा दोरा घेऊन तो मेणबत्तीवरून दोनदा ओढला की पाणी धरत नाही आणि बटणातही नीट बसतो. कापलेले तुकडे खिशात घालून घरी आणण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

पाण्यावर जाण्यापूर्वी पंख्याची परीक्षा घ्यावी. टेबलपंखा दोन मीटरवर, मंद गतीवर ठेवून नौका त्याच्या बाजूला आडवी धरावी. लगाम १३ च्या खुणेवर. नौका हळूहळू फिरवून पंख्याकडे पाठ केली की एका क्षणी बूम एका बाजूची सुटून सपकन दुसऱ्या बाजूला जाईल. लहान नौकेत हा फटका बोटाला चुरचुरतो एवढेच. मोठ्या नौकेत तो माणसाचा जीव घेतो. फ्रान्सचे विख्यात नाविक एरिक ताबार्ली यांनी आयुष्य महासागरांवर काढले. जून १९९८ मध्ये आयर्लंडजवळच्या समुद्रात, रात्री, आपल्याच जुन्या नौकेवर शिडाच्या काठीचा धक्का लागून ते पाण्यात पडले आणि गेले. ती काठी खालची बूम नसून शिडाच्या वरच्या कडेची होती. पण सुटलेली काठी वरची की खालची, याने माणसाला फरक पडत नाही. म्हणूनच दूरच्या प्रवासात वारा मागून असताना बूमला आणखी एका दोरीने पुढच्या बाजूस बांधून ठेवतात, म्हणजे ती अवचित उलटू शकत नाही.

ही दक्षता काय असते, याचे उदाहरण दूर शोधायला नको. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबई सोडली आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून ते परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता फेरी पूर्ण केली. म्हादेईवर माणूस एकच. तो झोपलेला असतानाही नौका चालायची असते. तीन वीत नौकेच्या बूमवर जे तीन प्रश्न सोडवायचे असतात, तेच तेथेही असतात. फरक एवढाच की तेथे चुकीची किंमत दोरा बदलून भागत नाही.

आता पाण्याविषयी, आणि हा भाग वडीलधाऱ्यांनी वाचावा. आर्वीच्या परिसरात पाणी पुष्कळ आहे. वर्धा नदी आहे, निम्न वर्धा प्रकल्पाचा विस्तीर्ण जलाशय आहे, शेतोशेती शेततळी झाली आहेत. यांपैकी शेततळे सर्वांत धोक्याचे. त्याच्या उतारावर प्लॅस्टिकचे अस्तर असते; ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. गेलेली नौका आणायला मूल धावते ते नेमके त्याच उतारावर. म्हणून शेततळ्यावर नौका सोडू नयेच. जलाशय आणि नदीही पहिल्या दिवसांसाठी नको. मळ्यातील गुडघाभर पाण्याचा रुंद हौद किंवा उथळ तलावाचा सपाट काठ पुरेसा आहे. नौकेच्या मागच्या टोकाला दहा मीटरचा हलका दोरा बांधून ठेवावा आणि तो मोठ्या माणसाच्या हाती असावा. दोरा तुटला आणि नौका मध्ये राहिली, तर ती वाऱ्याने दुसऱ्या काठाला येईपर्यंत वाट पाहावी. ती येते. न आली तर दुसरी करावी. बांबू स्वस्त आहे.

ऋतूचा हिशेबही यात आपोआप जुळतो. उन्हाळ्यात बांबू वाळतो. चातुर्मासात नदी-तळ्यावर जाणे तसेही टाळलेले असते. त्या चार महिन्यांत संध्याकाळच्या आधीच्या तासाभरात काठी, सांधा, बटणे, दोऱ्या हे सगळे होऊन जाते. कार्तिकी पौर्णिमेनंतर आभाळ निवळते, वारा मंद आणि एकाच बाजूचा होतो. सकाळी नऊच्या सुमारास, धुके उठल्यावर, पहिली फेरी करावी. लगाम १३ च्या खुणेवर ठेवून नौका वाऱ्याला आडवी सोडावी. ही तिची सर्वांत सोपी चाल आहे. ती वाऱ्याकडे तोंड करून थांबत असेल तर लगाम दोन सेंटिमीटर सैल करावा. मागे वाऱ्याकडे पाठ फिरवून पळत असेल तर तेवढाच आवळावा. सरळ आडवी पलीकडे गेली, तर त्या दिवशी काहीही बदलू नये. दोरीवर चौथी खूण करून ठेवावी आणि परतीच्या फेरीसाठी पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहावे.

घरी आल्यावर मागच्या बटणाचा ताण सैल करून शीड वाळू द्यावे. ताणलेले ओले शीड रात्रभर राहिले तर बूम सकाळी धनुष्यासारखी वाकलेली सापडते, आणि वाकलेला बांबू पुन्हा सरळ करण्यापेक्षा नवी पट्टी तासणे लवकर होते.